घरच्या कागदांची विकी-वही : टिडलीडेस्कटॉप बसवण्यापासून बॅकअपपर्यंत

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या घरात कागदांचा गठ्ठा सोडला की पहिली अडचण भाषेचीच येते. आजोबांचा शाळेचा दाखला मराठीत, शेताचा उतारा कन्नडात, आधार कार्डावर कन्नड आणि इंग्रजी, पासबुकावर नुसतं इंग्रजी. माणूस एकच, पण एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, तिसऱ्यावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. वारसा लावायचा असो, मुलाचा जातीचा दाखला काढायचा असो, की चंदगड-कागलकडच्या भाऊबंदांबरोबर जमिनीची वाटणी असो, हा सगळा घोळ ऐन वेळी समोर येतो. नाडकचेरीच्या (कर्नाटकातल्या महसुली कचेरीच्या) खिडकीपाशी उभं राहून कुठल्या कागदावर नाव कसं आहे, हे आठवत बसायची पाळी येते.

ह्यावर मी विकी-वही वापरते. विकी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची वही. आजोबांच्या नोंदीवरून त्यांच्या शेताच्या नोंदीवर जायचं, तिथून उताऱ्यावर, उताऱ्यावरून वारसाच्या अर्जावर. विकिपीडियात एका पानावरून दुसऱ्यावर जातो तसंच, पण सगळं आपल्याच संगणकात आणि इंटरनेटशिवाय. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेट दिवसच्या दिवस गायब असतं. नेटवर चालणारी वही तिकडे कामाची नाही.

वर्ड-एक्सेलमध्ये हे जमणार नाही असं नाही. पण वर्डची फाइल लांबत जाते आणि एक्सेलचा तक्ता रुंदावत जातो. घरच्या कागदांची गुंतागुंत नात्यांची असते. एक शेत तिघांच्या नावावर, एकच माणूस पाच कागदांवर. ती दाखवायला दुवेच लागतात.

ह्या लेखात टिडलीविकी ही वही टिडलीडेस्कटॉप ह्या ॲपमधून कशी चालवायची ते क्रमाने सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांना जे विशेष अडतं त्यावर जास्त वेळ घेतला आहे.

१. आधी हे पक्कं करा : वही वेगळी, ॲप वेगळं

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो.

टिडलीविकी ही एकच एचटीएमएल फाइल आहे. जेरेमी रस्टन यांनी तिची पहिली आवृत्ती २००४ साली काढली. ती मोफत आहे आणि तिचा परवाना मुक्त आहे. कोरी फाइल अडीच एमबीच्या आसपास असते. तुमचा मजकूर आणि तो दाखवणारा, शोधणारा, बदलणारा प्रोग्राम हे दोन्ही त्या एकाच फाइलीत राहतात. फाइल उचलली की वही उचलली. त्यातल्या एका नोंदीला टिडलर म्हणतात. मी इथे सरळ ‘नोंद’ म्हणेन, पण बटणांवर टिडलर हा शब्द दिसेल.

ही फाइल ब्राउझरमध्ये उघडते, वाचता येते, लिहिताही येते. अडतं ते सेव्ह करताना. डिस्कवरची फाइल ब्राउझरने परस्पर बदलू नये अशी सुरक्षेची व्यवस्था आहे, म्हणून दर सेव्हला नवी प्रत डाउनलोड्समध्ये पडते. थोड्याच दिवसांत एकाच नावापुढे कंसात १, २, ३ लागलेल्या फाइलींची रांग लागते आणि ताजी कुठली ते समजेनासं होतं. पूर्वी फायरफॉक्समध्ये टिडलीफॉक्स नावाचं एक्स्टेंशन ही अडचण सोडवायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद केली, तेव्हा तेही गेलं. जुन्या सूचनांमध्ये त्याचं नाव अजून सापडतं. तिकडे वेळ घालवू नका.

टिडलीडेस्कटॉप हे वेगळं ॲप आहे. त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझरच असतो, पण त्याला डिस्कवर थेट लिहायची मुभा असते. त्यामुळे सेव्ह केलं की तीच फाइल, त्याच जागी, नव्या मजकुरासह. ॲप काढून टाकलं तरी वहीला काही होत नाही. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये वाचता येतेच. मी ही वही निवडली ती मुख्यतः ह्यासाठी.

२. जवळ काय काय हवं

संगणकाचं सामान :
- विंडोज, लिनक्स किंवा मॅक असलेला पीसी वा लॅपटॉप
- एकदाच पुरेल इतकं चांगलं नेट (ॲप शंभर एमबीच्या पुढे आहे, बेळगावात येणं झालं तर तिथेच उतरवून घ्या)
- दोन पेनड्राइव्ह, दोन्ही बॅकअपसाठी
- मराठी आणि कन्नड, दोन्ही कीबोर्ड चालू केलेले

घरचे कागद :
- शेताचे उतारे (आरटीसी), फेरफाराचे कागद
- आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
- शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूचे दाखले
- जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले
- वीजबिल (आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, दिसेल असं), घरपट्टीची पावती
- महाराष्ट्रात जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ

सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. हाताशी आहेत तेवढ्यांनी सुरुवात करा.

३. ॲप उतरवा आणि उघडा

टिडलीडेस्कटॉप गिटहबवर (प्रोग्राम ठेवायच्या साइटवर) टिडलीविकीच्याच खात्यात, रिलीझच्या यादीत मिळतं. विंडोज, मॅक, लिनक्ससाठी वेगवेगळ्या झिप फाइली असतात, ३२-बिट आणि ६४-बिट असा फरकही असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली सिस्टम टाइप बघून मग योग्य ती घ्या. दुसऱ्या कुठल्या साइटवरून हे ॲप घेऊ नका.

झिप पूर्ण उलगडा. झिपच्या आत डोकावून तिथूनच चालवायला गेलात तर चालणार नाही. उलगडलेला फोल्डर आपल्याच डिस्कवर कायमच्या जागी ठेवा. विंडोजवर त्यातली एनडब्ल्यू नावाची फाइल चालवायची, लिनक्सवरही त्याच नावाची, मॅकवर टिडलीडेस्कटॉप नावाचं ॲप दिसेल. ती फाइल एकटी उचलून डेस्कटॉपवर आणू नका. शेजारच्या फाइलींशिवाय ती उघडत नाही. डेस्कटॉपवर हवा असेल तर शॉर्टकट करा.

पहिल्यांदा उघडताना विंडोज ‘हे ॲप अनोळखी आहे’ अशी निळी सूचना दाखवू शकतं. तिथे ‘मोअर इन्फो’ दाबलं की ‘रन एनीवे’ दिसतं. मॅकही असंच अडवतो. फाइल गिटहबवरून स्वतः घेतलेली असेल तरच पुढे जा. कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं ॲप असेल तर इथेच थांबा आणि नवं उतरवा.

विंडोज ७ वरच्या जुन्या पीसीवर ताजी आवृत्ती उघडली नाही, तर त्याच यादीत खाली जाऊन जुनी आवृत्ती घ्या. वही तीच चालते.

४. कोरी वही आणा आणि तिला घर द्या

टिडलीविकीच्या साइटवरून कोरी फाइल उतरवा आणि लगेच तिचं नाव बदला. फाइलीचं आणि फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. आत सगळं मराठीत लिहा, पण बाहेरचं नाव देवनागरीत असलं की काही जुन्या प्रोग्राममध्ये झिप करताना त्याचे चौकोन होतात.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा.

डाउनलोड्समध्ये ठेवू नका, कारण तो फोल्डर कधी ना कधी कुणीतरी रिकामा करतं. ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, कारण नवी आवृत्ती आली की जुना फोल्डर उडवला जातो आणि त्याबरोबर वहीही जाते. आणि विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये ठेवू नका. आपल्याकडे पीसी दुरुस्तीला दिला की पहिला उपाय फॉरमॅटचाच होतो, आणि त्यात सी ड्राइव्ह पुसला जातो. डी ड्राइव्ह असेल तर तिथे एक फोल्डर करा, त्यात वही ठेवा आणि तिच्या शेजारी फोटोंसाठी आणखी एक फोल्डर करा.

आता टिडलीडेस्कटॉप उघडा. समोर वह्यांच्या यादीची खिडकी येईल. फाइल ओढून तिच्यावर सोडा, किंवा फाइल जोडायचं बटण वापरा. यादीत वही आली की ती उघडा. फोल्डर जोडायचाही पर्याय दिसेल. त्यात प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलीत राहते. तो अनुभवी लोकांसाठी आहे, तुम्ही एकाच फाइलीची वही घ्या.

५. मराठी-कन्नड टायपिंग : इथे घाई करू नका

वही चांगली चालणं हे शोध लागण्यावर ठरतं, आणि शोध लागणं टायपिंगवर. टिडलीविकीचा शोध अक्षर जुळवतो, अर्थ नाही. म्हणून ह्या पायरीवर थोडा वेळ द्या.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज इथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडा. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठीसाठी उच्चारानुसार चालणारा कीबोर्डही मिळतो आणि तो लगेच जमतो. तरी माझं मत इन्स्क्रिप्टच्या बाजूने आहे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेली ही मांडणी भारतीय लिप्यांमध्ये जवळपास एकसारखी आहे. मराठीत ज्या कळीवर ‘क’ आहे, कन्नडातही त्याच कळीवर कन्नड ‘क’ आहे. एकदा हात बसला की दोन्ही लिप्या आल्या. आपल्या भागातल्या माणसाला ह्याचा जेवढा उपयोग आहे तेवढा पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही.

ज्यांना कन्नड वाचता येतं पण लिहायची सवय नाही, त्यांनीही उताऱ्यावरचं नाव कन्नड लिपीत टाइप करून ठेवावंच. अर्ज भरताना ते जसंच्या तसं उचलता येतं.

अक्षरं बारीक किंवा वेडीवाकडी दिसत असतील तर वहीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपिअरन्स, मग थीम ट्वीक्स इथे फाँट बदलता येतो. विंडोजबरोबर येणारा निर्मला यूआय देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट दाखवतो. लिनक्सवर नोटो घराण्यातले फाँट घाला.

आता सापळे. हे चारही नव्या माणसाला हमखास अडकवतात.

जुना मजकूर चिकटवणं. डीटीपीवाल्याकडून घेतलेला श्रीलिपी ह्या जुन्या फाँटातला मराठी मजकूर किंवा तशाच जुन्या नुडीतला कन्नड मजकूर वहीत चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरं, नसतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. मजकूर छोटा असेल तर सरळ पुन्हा टाइप करा, चुका कमी होतात.

आकडे. मराठी आकड्यांत लिहिलेला सर्व्हे नंबर इंग्रजी आकड्यांत शोधला तर सापडत नाही. कागदांचे सगळे नंबर एकाच पद्धतीने लिहायचे असं आजच ठरवा. मी कागदांचे नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवते, कारण ऑनलाइन अर्जात तेच लागतात. तारखा आणि बाकीचा मजकूर मराठी आकड्यांत.

सारखी दिसणारी अक्षरं. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही होतं. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’सुद्धा दोन तऱ्हांनी बनतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. घरातल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरला की हा प्रश्न बहुतेक मिटतो.

गावांची नावं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या कागदांवर बेळगाव किंवा बेळगाम आहे. हुबळी, विजापूर, गुलबर्गा ह्यांचंही तेच. गावाची एक नोंद करा आणि त्या गावाची सगळी रूपं, कन्नड आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा, तिच्यात लिहा. मग कुठलंही रूप शोधलं तरी त्या नोंदीवर येता येतं.

६. पहिली नोंद, आणि शीर्षकांचा नियम

उजवीकडच्या पट्टीत अधिकचं चिन्ह आहे, त्याने नवी नोंद उघडते. वर शीर्षक, खाली टॅग (नोंदीला लावायची चिठ्ठी), मग मजकूर. लिहून झालं की वरचं बरोबरचं चिन्ह दाबा. ते दाबलं की नोंद पक्की होते आणि वही आपोआप सेव्ह होते. सेव्हचं चिन्ह लाल दिसत असेल तर काहीतरी अजून डिस्कवर उतरलेलं नाही असं समजा.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की बरोबरचं चिन्ह दाबेपर्यंत तुम्ही लिहीत असलेला मजकूर फाइलीत गेलेला नसतो. लाईट गेली आणि पीसीला यूपीएस नसेल तर तेवढं लिखाण गेलं. लांब नोंद लिहिताना मध्ये मध्ये चिन्ह दाबा, पुन्हा उघडा, पुढे लिहा. आपल्याकडच्या वळवाच्या दिवसांत तर ही सवय लावूनच घ्या.

शीर्षक विचार करून द्या, कारण दुवे शीर्षकावरच बसतात. नंतर शीर्षक बदललं तर टॅगांमधलं नाव वही बदलून देते, पण मजकुरात लिहिलेले दुवे जुन्याच नावाला चिकटून राहतात. माझी पद्धत अशी : आधी कागदाचा प्रकार, मग गाव, मग नंबर किंवा माणूस. ‘उतारा, नंदगड, मळ्याची जमीन’, ‘दाखला, शाळा, आजोबा’. अशाने यादीत एका प्रकारचे कागद शेजारी शेजारी येतात. शीर्षकात उभी रेघ, चौकोनी कंस आणि महिरपी कंस वापरू नका. ही चिन्हं वहीच्या स्वतःच्या कामाची आहेत, शीर्षकात आली की दुवे बिघडतात.

७. नोंदी एकमेकींना जोडा

दुहेरी चौकोनी कंसात शीर्षक लिहिलं की दुवा तयार होतो :

[[उतारा, नंदगड, मळ्याची जमीन]]

दाखवायचा शब्द वेगळा हवा असेल तर मध्ये उभी रेघ :

[[मळा|उतारा, नंदगड, मळ्याची जमीन]]

ज्या नोंदीला दुवा दिला ती अजून लिहिलेली नसेल तर दुवा तिरक्या अक्षरांत दिसतो. त्यावर टिचकी मारून ती नोंद तिथेच सुरू करता येते. घरच्या कागदांसाठी हे फार सोयीचं आहे. आजोबांच्या नोंदीत ‘मृत्यूचा दाखला’ असा दुवा आधीच देऊन ठेवा, कागद हाती आल्यावर भरा. उजव्या पट्टीत ‘मोअर’खाली ‘मिसिंग’ अशी यादी आहे. तिच्यात असे सगळे रिकामे दुवे एकत्र दिसतात. कुठले कागद अजून मिळवायचे आहेत, त्याची यादी तुम्हाला फुकटात मिळाली.

टॅग मोजके ठेवा. माणसाचं नाव, गाव, आणि कागदाची अवस्था (‘मिळाला’, ‘अर्ज दिला’, ‘दुरुस्ती हवी’) एवढे पुरतात. टॅगवर टिचकी मारली की त्या टॅगच्या सगळ्या नोंदी दिसतात. ‘दुरुस्ती हवी’ ह्या एका टॅगवरून तालुक्याला जायच्या दिवशी काय काय न्यायचं ते समजतं.

प्रत्येक माणसाच्या नोंदीत एक तक्ता मात्र हवाच. माझ्या मते अख्ख्या वहीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. तक्ता उभ्या रेघांनी बनतो, आणि उद्गारचिन्ह लावलं की ती चौकट शीर्षकाची होते :

|!कागद|!नाव जसं छापलंय तसं|!लिपी|!जन्मतारीख|
|शाळेचा दाखला|…|मराठी|…|
|उतारा|…|कन्नड|नाही|
|आधार|…|कन्नड, इंग्रजी|…|
|पासबुक|…|इंग्रजी|…|

‘जसं छापलंय तसं’ हे अगदी काटेकोर पाळा. कागदावर चूक असेल तर चुकीसकट उतरवा. बरोबर काय ते खाली वेगळ्या ओळीत लिहा. नाव दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करायला वकिलाकडे जाल तेव्हा तो पहिल्यांदा हेच विचारतो, आणि हा तक्ता छापून समोर ठेवता येतो.

जमिनीच्या नोंदीत एकक लिहायला विसरू नका. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एक एकर, १०० आरचा एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. दोन्हीकडे जमीन असलेल्या घरांत नुसता आकडा लिहिला की वाटणीच्या वेळी वाद होतात. कर्नाटकाच्या नोंदीत सर्व्हे नंबर, सुरनोक (सर्व्हे नंबरापुढे लागणारी खूण) आणि हिस्सा हे तिन्ही वेगवेगळे लिहा. ऑनलाइन उतारा बघताना तिन्ही विचारले जातात. महाराष्ट्राच्या बाजूला गट नंबर असेल, तो सर्व्हे नंबर म्हणून लिहू नका.

८. कागदांचे फोटो वहीत कोंबू नका

फोटो ओढून वहीवर टाकला की तो फाइलीच्या आतच साठतो, आणि साठताना साधारण एक तृतीयांशाने फुगतो. ३ एमबीचा फोटो ४ एमबी होतो. असे २५ फोटो टाकले की वही १०० एमबीची, आणि त्यानंतर एक शब्द बदलला तरी दर वेळी १०० एमबी लिहिले जाणार.

ह्यासाठी एक्स्टर्नल अटॅचमेंट्स नावाचं प्लगइन (वहीला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे, आणि ते टिडलीडेस्कटॉपसारख्या ॲपमध्येच चालतं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्लगइन्स, मग ‘गेट मोअर प्लगइन्स’ असं जा. हे करताना नेट लागेल. प्लगइन बसवल्यावर वही सेव्ह करून पुन्हा उघडा. आता फोटो ओढून टाकला की वहीत त्याचा पत्ता फक्त जातो, फोटो बाहेरच राहतो. पायरी ४ मध्ये वहीशेजारी फोटोंचा फोल्डर करायला सांगितला तो ह्याचसाठी. आधी फोटो त्या फोल्डरमध्ये ठेवा, मग तिथून ओढा. अख्खा फोल्डर दुसऱ्या पीसीवर नेला तरी फोटो दिसत राहतात. मोबाइलच्या केबलवरून किंवा पेनड्राइव्हवरून थेट ओढलात तर ती वस्तू काढल्यावर फोटो गायब.

९. पासवर्ड

उजव्या पट्टीत ‘टूल्स’खाली पासवर्ड लावायची सोय आहे. लावला की पूर्ण वही कुलूपबंद होते. विसरलात तर उघडायचा कुठलाही मार्ग नाही, म्हणून तो घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

दोन गोष्टी मात्र पासवर्डने झाकल्या जात नाहीत. पासवर्ड लावण्याआधी घेतलेले बॅकअप उघडेच राहतात, ते शोधून पुसा. आणि बाहेर ठेवलेले फोटोही उघडेच राहतात. आधारचा पूर्ण नंबर वहीत लिहू नका, शेवटचे ४ आकडे ओळखायला पुरतात. एटीएमचा पिन, ओटीपी, बँकेचा पासवर्ड ह्यांची जागा ह्या वहीत नाहीच.

१०. बॅकअप

टिडलीडेस्कटॉपच्या यादीत प्रत्येक वहीसाठी बॅकअपचा पर्याय असतो. तो चालू आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघा. चालू असला की दर सेव्हला वेळेचा शिक्का असलेली आणखी एक प्रत बाजूला ठेवली जाते. चुकून एखादी नोंद पुसली गेली तर कालची प्रत उघडून ती परत आणता येते.

पण ही प्रत दर वेळी पूर्ण वहीची असते. वही ५ एमबीची आणि दिवसात ४० वेळा सेव्ह, म्हणजे एका दिवसात २०० एमबी. महिन्यातून एकदा त्या फोल्डरमध्ये जा आणि दर आठवड्याची एक प्रत ठेवून बाकीच्या पुसा.

शिवाय ही प्रत त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की दोन्ही गेलं. म्हणून दोन पेनड्राइव्ह. एक घरात, दुसरा दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा काकांकडे, आणि महिन्याने अदलाबदल. वहीचा आख्खा फोल्डर, फोटोंसकट, कॉपी करा. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरची वही ब्राउझरमध्ये उघडून एखादी ताजी नोंद दिसते का ते तपासा. न तपासलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

११. एकच वही दोन ठिकाणी उघडी नको

मुलगा बेळगावात लॅपटॉपवर आणि वडील गावात पीसीवर, फाइल मात्र गूगल ड्राइव्हवर एकच. ही मांडणी सोयीची वाटते, पण ती धोक्याची आहे. टिडलीविकी दर सेव्हला पूर्ण फाइल लिहिते. दोघांनी एकाच वेळी उघडली तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची वही उरते, दुसऱ्याचं काम कुठलीही सूचना न येता जातं. लिहिणारा एकच ठेवा. दुसऱ्याने काही नवं लिहिलं तर त्याने तेवढ्याच नोंदी एक्स्पोर्ट करून पाठवाव्यात. नोंदीच्या मेनूतच एक्स्पोर्टची सोय आहे. आलेली फाइल आपल्या वहीवर ओढून सोडली की कुठल्या नोंदी आत घ्यायच्या ते वही विचारते.

मोबाइलवर वाचायला फाइलीची प्रत पाठवली तरी चालते. मात्र फोटो बाहेर असल्यामुळे तिथे दिसणार नाहीत. अँड्रॉइडवर टिडलॉइड नावाच्या ॲपमध्ये लिहिताही येतं, पण वरचा एका लिहिणाऱ्याचा नियम तिथेही पाळावा लागतो.

१२. नवी आवृत्ती, नवा पीसी

ॲपची नवी आवृत्ती घेतली म्हणून वहीची आवृत्ती बदलत नाही. दोन्ही वेगवेगळं करावं लागतं. ॲपसाठी नवी झिप उलगडा, चालवून बघा, मग जुना फोल्डर काढा. वह्यांची यादी वापरकर्त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठलेली असते, त्यामुळे ती सहसा टिकून राहते. वहीसाठी टिडलीविकीच्या साइटवर अपग्रेडचं पान आहे. त्यावर आपली फाइल ओढून सोडली की नवी प्रत मिळते. हे काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फाइल कुणाकडे पाठवली जात नाही. आधी बॅकअप घ्या, आणि नवी प्रत जुन्याच नावाने त्याच जागी ठेवा. वही नीट चालत असेल तर दर आवृत्तीमागे धावायची गरज नाही.

नवा पीसी आला तर क्रम असा : आधी दोन्ही कीबोर्ड, मग फाँट, मग ॲप, शेवटी वहीचा फोल्डर डी ड्राइव्हवर, आणि फाइल यादीत ओढून टाकायची. बॅकअपचा पर्याय नव्या पीसीवर पुन्हा तपासा. जुन्या पीसीवरची वही लगेच पुसू नका, पण तिच्या फाइलीच्या नावापुढे ‘जुनी’ ह्या अर्थाचा शब्द लावून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तिच्यातच लिहीत राहणार नाही.